नव्या फिश टँकचा फिल्टर : कधी धुवायचा, कशात धुवायचा, किती धुवायचा

फिश टँक विकत घेतला की दुकानदार फिल्टर बसवून दाखवतो. तो धुवायचा कसा, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मग पहिल्याच रविवारी घरातलं कुणीतरी उत्साहाने स्पंज बाहेर काढतं, तो काळपट झालाय म्हणून नळाखाली धरतं, जरा साबण लावून खळखळून धुतं. टाकी दोन दिवस छान दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि मग एकेक करून जातात. पोरांचे चेहरे उतरतात, टाकी माळ्यावर जाते. हे टाळणं अवघड नाही. फिल्टर चकचकीत करायचा नसतो, त्यातून पाणी जाण्याची वाट तेवढी मोकळी करायची असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

इथे कोकणातल्या घरांतल्या गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहितो आहे. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय पाहून आलेल्या मुलांना समुद्री मासे हवे असतात. पण खाऱ्या पाण्याच्या टाकीचं गणित पूर्ण वेगळं आहे, नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

स्पंजात कोण राहतं

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेलं खाणं तळाशी कुजतं, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया कल्ले जाळतो. निसर्गात नदीचं, तळ्याचं भरपूर पाणी त्याला पातळ करून टाकतं. काचेच्या चार भिंतींत ती सोय नाही. तिथे हे काम जीवाणू करतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात शिरलं की पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने बरंच निरुपद्रवी. थोडं पाणवनस्पती वापरतात, उरलेलं आपण पाणी बदलताना काढून टाकतो.

हे जीवाणू पाण्यात तरंगत फिरत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. स्पंजाच्या भोकाभोकांत, सिरॅमिक रिंगांवर, तळाच्या खडीवर त्यांचा पातळ थर बसतो. फिल्टरमध्ये पाणी सतत वाहत असल्यामुळे त्यांना अमोनियाही मिळतो आणि प्राणवायूही, म्हणून त्यांची मोठी वस्ती तिथेच होते. त्यांची वाढ फार सावकाश असते. साधे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. त्यामुळे नव्या टाकीत ही वस्ती उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. दुकानदार ज्याला ‘टँक सायकल होणं’ म्हणतात ते हेच.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथल्या चालत्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. ताज्या दुधाला चमचाभर विरजण लावल्यासारखं होतं, पुढचं काम भराभर होतं. तुकडा टाकीच्याच पाण्यात बुडवून आणा, वाटेत सुकू देऊ नका. ज्या टाकीत गेल्या महिन्या-दोन महिन्यांत मासे आजारी पडले असतील तिथून मात्र काही आणू नका.

पहिला दीड महिना : हात लावायचा नाही

या काळात फिल्टर उघडू नये. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ, धुरकट होतं. घाबरून सगळं पाणी बदलावंसं वाटतं, फिल्टर धुवावासा वाटतो. तो पाण्यातल्या दुसऱ्याच जीवाणूंचा बहर असतो, आपोआप ओसरतो. फिल्टर धुवाल तर नुकतीच बसू लागलेली वस्ती उठेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. पाण्याचा जोर अगदीच कमी झाला तर पाणी आत घेणाऱ्या जाळीवर अडकलेलं पान, खाण्याचे कण एवढंच बोटाने पुसून काढा.

फिल्टर बंदही ठेवायचा नाही, रात्रीसुद्धा नाही. ‘आवाज होतो म्हणून झोपताना बंद करतो’ असं अनेक घरांत ऐकू येतं. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणजे फिल्टरची गरज तेव्हाच अधिक.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी मावतं. तिच्यासाठी ताशी 220 ते 275 लिटर, म्हणजे टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा फिल्टर पुरे. एवढ्या टाकीत सुरुवातीला चार-पाच गप्पी किंवा प्लॅटी सोडा, त्याहून जास्त नाही. गोल्डफिश नवशिक्यांना फार आवडतो, पण तो घाण इतकी करतो की नव्या फिल्टरला ती झेपत नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा थेंबांचा किट मिळतो, तो माशांच्या आधी घ्या. लिटरला अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिसलं की पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. मासे आले की त्या दिवसापासून दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचंच आहे, त्याने फिल्टरचं काही बिघडत नाही.

आपल्याकडे पाणी तापवायला हीटर क्वचितच लागतो, टाकी 28-30 अंशांवर आपसूक राहते. त्याचा तोटा असा की कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच. शिवाय पाणी जितकं गरम तितका अमोनिया जास्त घातक. म्हणून फिल्टरचं तोंड असं वळवा की त्यातून येणाऱ्या पाण्याने वरचा थर सतत हलत राहील. एप्रिल-मेमध्ये त्यासोबत हवेचा पंप लावला तर उत्तम.

धुवायचा कशात : विहीर, नळ आणि टीसीएल

फिल्टर टाकीतून काढलेल्याच पाण्यात धुवायचा. याला पर्याय नाही, आणि कोकणात तर हे जास्तच कटाक्षाने पाळायला हवं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण गावाकडे लोक म्हणतात, ‘आमचं विहिरीचं पाणी आहे, त्यात कसलं औषध?’ पावसाळा सुरू झाला की ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरींत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. पुष्कळ जण स्वतःच्या विहिरीतही टाकतात. माणसांच्या पोटासाठी ते अगदी योग्य आहे, पण ती पावडर जीवाणू मारायलाच टाकलेली असते. तुमच्या स्पंजातले जीवाणू तिला वेगळे ओळखू येत नाहीत. त्या पाण्याची कळशी स्पंजावर ओतली की महिन्याभराची वस्ती मिनिटाभरात संपू शकते. म्हणून जून ते सप्टेंबर विहिरीचं पाणी थेट टाकीतही घालू नका. रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडं ठेवा, त्यात एअर स्टोन, म्हणजे हवेच्या पंपाला जोडायचा सच्छिद्र दगड, सोडलात तर क्लोरीन लवकर उडतं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा. ते सोडियम थायोसल्फेट असतं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला.

दुसरी गोष्ट जांभ्याची. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. त्यात विरघळलेला चुना फार थोडा. जीवाणू अमोनियावर काम करतात तेव्हा पाण्यातली ही चुनखडीची शिल्लक खर्च होत जाते : अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतकी. देशावरच्या जड पाण्यात ती संपायला वेळ लागतो. आपल्याकडे ती महिन्या-दोन महिन्यांत संपते, पाण्याचा सामू (pH) घसरतो आणि 6 च्या खाली गेला की जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. अमोनिया वाढतो, टाकीवाला म्हणतो फिल्टर घाण झाला असणार, आणि पुन्हा धुतो. रोग एक, उपचार भलताच. माझा अनुभव असा की कोकणातल्या ‘फिल्टर चालत नाही’ या तक्रारींमागे फिल्टर नसून पाणी असतं. सामू तपासायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, पंधरवड्याला एकदा बघत जा.

यावरचा उपाय आपल्या परसातच पडलेला असतो. तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) खाऊन झाल्या की शिंपल्या टाकू नका. आतला मांसाचा अंश पूर्ण काढून त्या खरवडा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि बत्त्याने जाडसर कुटा. 50-55 लिटरच्या टाकीसाठी लहानशी मूठभर पुरते. ती नेटच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये स्पंजानंतरच्या कप्प्यात ठेवा. कप्पा नसेल तर फिल्टरच्या तोंडापुढे ठेवा. पाणी आम्लधर्मी असेल तेव्हाच शिंपलं भराभर विरघळतं, सामू 7 च्या वर गेला की विरघळणं मंदावतं, त्यामुळे जास्त होण्याची भीती थोडी. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना असं पाणी मानवतं.

फक्त एक सावधगिरी बाळगा. सामू आधीच खूप उतरला असेल आणि पाण्यात अमोनिया साठला असेल तर शिंपल्या लगेच घालू नका. आम्लधर्मी पाण्यात तो अमोनिया बहुतांशी सौम्य रूपात असतो, सामू एकदम वर गेला की तोच विषारी होतो. आधी दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया उतरवा, मग पिशवी ठेवा.

समुद्रालगतच्या काही गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं. मॉली ते सोसते, बाकीच्यांना अचानक बदल सोसत नाही. पाणी कमी कमी आणि वारंवार बदला. किनाऱ्यावरची वाळू टाकीत घालू नका, तिच्यातलं मीठ आणि शंखशिंपल्यांचा चुरा किती आहे याचा अंदाज येत नाही, आणि बारीक वाळू मोटरीत शिरली की ती घासून निकामी होते.

प्रत्यक्ष धुणं

दीड-दोन महिने झाले, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आहेत आणि फिल्टरच्या पाण्याचा जोर कमी झालेला दिसतो, तेव्हा पहिली धुलाई करा. नेहमीच्या पाणी बदलण्याच्या दिवशीच करा म्हणजे टाकीचं पाणी आयतं हाताशी असतं.

आधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर हिरवट गंज चढतो, तो याच वेळी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. वायर टाकीतून निघाल्यावर सॉकेटपेक्षा खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली गळेल.

आता नळीने टाकीतलं पाव पाणी दोन बादल्यांत काढा. या बादल्या टाकीसाठीच वेगळ्या ठेवा. कपड्यांच्या साबणाची नुसती ओल राहिलेली बादलीही चालत नाही. फिल्टर हळूच उचला आणि पाण्यातून बाहेर येण्याआधीच त्याच्याखाली मोठा मग किंवा प्लॅस्टिकची पिशवी धरा. नाहीतर साचलेला गाळ सगळा टाकीत परत सांडतो.

स्पंज पहिल्या बादलीत बुडवून तीन-चार वेळा दाबा. तपकिरी, चहाच्या रंगाचं पाणी निघेल. मग दुसऱ्या बादलीत एकदा दाबा आणि थांबा. स्पंज अजून मळकट दिसेल, तसाच राहू द्या. त्यातून पाणी आरपार जातंय की नाही एवढंच बघा. पिळा देऊन कपड्यासारखा पिळू नका. दोन स्पंज असतील तर आज एकच धुवा, दुसरा दोन आठवड्यांनी. सिरॅमिक रिंगा असतील तर त्या स्पंजाच्या दिवशी हलवू नका. त्यांची पाळी दोन-तीन महिन्यांनी, आणि तीही बादलीत एकदा खंगाळण्यापुरती. पांढरा लोकरीसारखा फिल्टर वूल असतो त्याचं काम फक्त बारीक गाळ अडवण्याचं. तो बुजला की सरळ टाकून नवा घाला.

मोटर मात्र मन लावून स्वच्छ करायची. इथे काटकसर नको. पुढचं झाकण ओढून काढलं की आत पात्यांचा छोटा पंखा असतो, त्याला चुंबक जोडलेलं असतं. त्याला इंपेलर म्हणतात. तो बाहेर ओढा. त्यावर शेवाळी बुळबुळीत थर, कधी केस, कधी गोगलगाईचं पिल्लू असतं. जुन्या टूथब्रशने इंपेलर घासा, तो बसतो ते भोक कान साफ करायच्या काडीने पुसा. मधली बारीक सिरॅमिक दांडी सरळ आहे ना, तिच्या टोकांची रबरं जागेवर आहेत ना, हे पाहा. ती दांडी ठिसूळ असते, जोर लावला की मोडते. साबण इथेही नाही. नळ्या आणि जाळी घासून काढल्या तरी बिघडत नाही, तिथली वस्ती किरकोळ असते.

सगळं जोडून फिल्टर पाण्यात पूर्ण बुडवा, मगच प्लग लावा. मोटर कोरडी चालली तर जळते. सुरुवातीला बुडबुडे येतील, घरघर होईल. फिल्टर जरा तिरपा करून हलवलात की आत अडकलेली हवा निघून जाते. नुसती गुणगुण ऐकू येते आणि पाणी येत नाही, असं असेल तर इंपेलर अडकला आहे, लगेच प्लग काढून पुन्हा बसवा. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत व्हायला हवं आणि तेवढ्या वेळात स्पंज कधीही कोरडा पडता कामा नये.

त्या दिवशी माशांना खाणं निम्मंच द्या. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा. बादलीतलं तपकिरी पाणी मोरीत ओतू नका, माडाच्या किंवा जास्वंदीच्या मुळाशी घाला, त्यात चांगलं खत असतं.

पुन्हा कधी? तारखेपेक्षा पाण्याचा जोर बघा. पहिल्या दिवशी लाटा टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात होत्या आणि आता मध्येच विरतात, तर वेळ झाली. साधारण तीन-चार आठवड्यांनी स्पंज, दोन महिन्यांनी मोटर. गोल्डफिश असेल तर स्पंज पंधरा दिवसांनी. काळ्या कोळशाची पुडी, म्हणजे अॅक्टिव्हेटेड कार्बन, रोजच्या वापरात लागत नाही. माशांना औषध दिल्यावर त्याचा अंश पाण्यातून काढायला ती कामाची.

वीज गेली तर

कोकणात पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या नवशिक्याला मी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरच सुचवतो. दिसायला तो काही खास नसतो, पण पंप अगदी थोड्या विजेवर चालतो, बॅटरीचा पंप तात्पुरता जोडता येतो, आणि बंद पडला तरी स्पंज उघड्या पाण्यात असल्याने जीवाणू बराच वेळ तग धरतात. डबाबंद कॅनिस्टर फिल्टरमध्ये आतला प्राणवायू काही तासांतच संपतो. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंचावर ठेवा किंवा हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

वीज बराच वेळ येणार नाही असं दिसलं तर खाणं पूर्ण बंद करा. मोटरच्या फिल्टरमधला स्पंज काढून टाकीतच मोकळा सोडा. दर तासाला मगभर पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओता, असं दहा-पंधरा वेळा करा, प्राणवायू मिसळतो. वीज आल्यावर डबाबंद फिल्टर तसाच चालू करू नका. आत साचलेलं पाणी टाकीत गेलं तर घात होतो. उघडा, वास घ्या. कुजका वास असेल तर ते पाणी फेका, स्पंज आणि रिंगा टाकीच्या पाण्यात खंगाळा, मग चालू करा आणि आठवडाभर टाकी नवी आहे असं धरून तपासणी करा.

गणपतीचे दिवस

या दिवसांत चाकरमानी येतात, घर भरतं, आणि प्रत्येक पोराला माशांना खाणं घालायचं असतं. खाण्याचा डबा कपाटात ठेवा आणि रोजची एक चिमूट कागदाच्या पुडीत बांधून द्या, ज्याची पाळी त्याने ती पुडी घालायची. उलट तुम्हीच शहरातलं घर बंद करून गावी येणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी फिल्टर धुऊन ठेवू नका. धुलाई आठवडाभर आधी उरका म्हणजे काही बिघडलं तर तुमच्या डोळ्यांसमोर बिघडेल. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस खाण्याविना सहज राहतात. शेजाऱ्यांना खाण्याऐवजी फिल्टर चालू आहे ना, एवढंच बघायला सांगा.

स्पंज बदलायचा केव्हा

काळा पडला म्हणून नाही. दाबल्यावर तो पुन्हा फुगत नसेल, तुकडे पडू लागले असतील, तरच बदला. चांगला स्पंज दोन-तीन वर्षं सहज चालतो, पाकिटावर ‘दरमहा बदला’ असं छापलेलं असलं तरी. बदलताना नवा स्पंज आणून जुन्याशेजारी ठेवा, दोन्ही महिना-दीड महिना एकत्र चालू द्या आणि मग जुना काढा. जागाच नसेल तर जुन्याचा अर्धा भाग कापून नव्याबरोबर बसवा आणि तितकेच आठवडे राहू द्या. जुना अर्धा काढल्यावर पुढचे आठ दिवस रोज अमोनिया तपासा.